मुदत संपलेला शिक्का (डायरीतून, 2024)

"मला तत्त्वं शिकवू नकोस," काका म्हणाले. मावशींसमोर म्हणाले. साडेअकरा वाजून गेलेत, झोप नाही.

झालं एवढंसंच. मावशींना आधारवरचा पत्ता बदलायचाय. भाड्याची खोली, करारनामा नाही, लाइट बिल मालकाच्या नावावर. त्या सरळ काकांकडे आल्या. काकांनी ड्रॉवरमधून तोच जुना नगरसेवकपदाचा शिक्का काढला, पॅडवर दोनदा दाबला आणि पत्त्याच्या दाखल्याचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला, "तुझं अक्षर चांगलंय, भर." मी म्हटलं, काका, तुमची मुदत मार्च 2022 मध्येच संपली. महापालिकेवर प्रशासक आहे. नगरसेवक म्हणून तुम्हाला सही नाही करता यायची. त्यांनी पेन माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच भरलं. अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर, हात जराही न थांबता. मावशी पाया पडल्या. मी मात्र गरिबाच्या कामात खोडा घालणारी ठरले. घरी येताना रडू आवरेना. या घरात माझंच नेहमी असं का होतं... जाऊ दे.

काका पैशाला कधी शिवले नाहीत. कंत्राटदार त्यांच्या उंबऱ्यावरून परत गेलेले मी पाहिलेत. म्हणूनच हे इतकं लागतंय. दुसरा कुणी असता तर मी मान फिरवून निघून आले असते.

आणि समाजवादी नेते मधू लिमयांची गोष्ट मला सांगितली कुणी? काकांनीच. आणीबाणीत, 1976 साली, लोकसभेची पाच वर्षं भरली आणि सरकारने मुदत वाढवून घेतली. पुण्याचे लिमये तेव्हा बिहारमधल्या बांकाचे खासदार होते आणि तुरुंगात होते. लोकांनी पाच वर्षांसाठी पाठवलंय, वाढीव वर्ष त्यांनी दिलेलं नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. खासदार शरद यादवांनीही दिला. पुढे लिमयांनी खासदारकीचं पेन्शन घेतलं नाही, स्वातंत्र्यसैनिकाचंही नाही. हे सांगताना काकांचा आवाज भरून यायचा. त्याच काकांना शिक्का उचलताना काहीच कसं वाटलं नाही?

ते म्हणतील, लिमयांच्या दारात कुणी फॉर्म घेऊन उभं नव्हतं. बरोबर आहे. निवडणुका लागत नाहीत यात मावशींचा काय दोष? प्रभागात नगरसेवकच नाही तर माणसांनी जायचं कुठे? मला याचं उत्तर पटकन देता येत नाही. पण काकांच्या भलेपणावर विसंबून शिक्का चालवायचा, तर शेजारच्या प्रभागातल्या माजी नगरसेवकाकडेही तसाच शिक्का आहे, आणि तो कशावर उठवतो ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. त्याला आता काका कोणत्या तोंडाने अडवणार?

काका बदलायचे नाहीत. या वयात कशाला बदलतील? रात्रभर कुढून मावशींचा पत्ताही बदलणार नाही. आमदारांचा दाखला चालतो. सोमवारी अर्धी रजा टाकते आणि मावशींना त्यांच्या संपर्क कार्यालयात घेऊन जाते. काकांचा कागद आधार केंद्रावर नेऊ नका, हे उद्या सकाळीच सांगायला हवं, त्या कामावर निघायच्या आत. काकांनाही मीच सांगेन. चिडतील, आठवडाभर बोलणार नाहीत. चालेल.