रेवदंड्याची होडी हिंगण्यात

फायबरची होडी पाण्यावर असते तेव्हा पाणी तिचा तळ सगळीकडून सारखाच उचलून धरते. तीच होडी ट्रकच्या हौद्यात चढवली की तिचा सगळा भार दोन-तीन ठिकाणी एकवटतो आणि ज्या जागा भार घेण्यासाठी घडवलेल्याच नसतात, त्यांच्यावर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा जाऊन आदळतो. जुन्या, दुरुस्तीला आलेल्या होडीच्या बाबतीत तर यात आणखी भर पडते, कारण तिच्या पोटात आधी कोणी काय केले आहे हे बाहेरून दिसत नाही. गेल्या फेब्रुवारीत अशी एक होडी रेवदंड्याहून नागपूरला आणताना हे सगळे मी जवळून पाहिले.

हिंगणा एमआयडीसीत माझा फायबरचा कारखाना आहे. कूलरच्या बॉडी, पाण्याच्या टाक्या आणि रासायनिक कारखान्यांतल्या हौदांचे अस्तर ही आमची नेहमीची कामे. होडी आमच्याकडे क्वचितच येते, आणि आली तरी एखाद्या तलावावरच्या पायडलबोटीचा फुटलेला तळ सांधण्यापुरती. त्यामुळे जलसंपदा विभागातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक काका मोबाइलवर होडीचे फोटो घेऊन आले, तेव्हा मला उत्सुकता वाटली. कॉलेजात असताना ते एनसीसीच्या नौदल शाखेत होते आणि ‘एन्टरप्राइज’ जातीची शिडाची होडी चालवायला तिथेच शिकले होते. अगदी त्याच जातीची एक होडी रेवदंड्याच्या एका वाडीत कित्येक वर्षे पडून असल्याचे त्यांना कळले होते, आणि त्यांनी ती विकतही घेऊन टाकली होती. “दुरुस्त तुम्हीच करायची,” ते म्हणाले, “म्हणून आणायलाही तुम्हीच जा. दुसऱ्या कोणी आणली तर वाटेत काय झालं ते कोणीच सांगणार नाही.” त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

एन्टरप्राइज ही इंग्लंडमधल्या जॅक होल्ट यांनी आखलेली दोन माणसांची शर्यतीची होडी 1956 साली पाण्यात उतरली. निळे शीड ही तिची जुनी ओळख. लांबी 4.04 मीटर, रुंदी 1.6 मीटर आणि नुसत्या कवचाचे वजन साधारण 94 किलो. हे आकडे पाहिले तर छोटा हत्ती पुरेल असे कोणालाही वाटेल, पण अडचण डोलकाठीची होती. या होडीची अॅल्युमिनियमची डोलकाठी 20 फुटांहून थोडी जास्तच भरत होती आणि मधून कापून आणण्याची कल्पना काकांना सहनही होत नव्हती. माल हौद्याच्या बाहेर काढून नेणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड 20 हजारांच्या घरात गेला आहे आणि तो दंड योग्यच आहे असे माझे मत आहे, कारण रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला बाहेर आलेली नळी दिसत नाही. म्हणून नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून आम्ही 22 फुटी गाडी ठरवली. तिचा ड्रायव्हर अनुभवी होता. माल काय आहे हे कळल्यावर तो म्हणाला, “भाऊ, शंभर किलोच्या डब्यासाठी बावीस फुटी गाडी काहून न्यून रायले?”

त्याच्या प्रश्नात लांबीखेरीज आणखी एक खरी मेख होती. कित्येक टन वजन पेलण्यासाठी बांधलेल्या गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, रिकाम्या गाडीत दबतच नाहीत. भरलेली गाडी खड्ड्यावरून डोलत जाते, रिकामी उडत जाते, आणि तिच्यातला हलका माल तिच्याबरोबर उडतो. यंत्रे वाहून नेणाऱ्यांना याचा विचार करावा लागत नाही, कारण यंत्राचे वजनच गाडीला खाली दाबून ठेवते. आम्हाला ते वजन दुसरीकडून आणावे लागणार होते. त्यामुळे भिवंडीच्या एका गोदामातून नागपूरला जाणाऱ्या लाद्यांची खोकी परतीचे भाडे म्हणून घ्यायची, ती मागच्या चाकांवर खाली सपाट रचायची आणि होडी पुढे केबिनच्या बाजूला, जिथे धक्का सर्वांत कमी लागतो तिथे ठेवायची असे ठरले. यात काकांचे भाडेही बरेच उतरले. कागदपत्रांचा प्रश्न सोपा होता. राज्यातल्या राज्यात ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीच्या वाहतूक परवान्याची, मर्यादा 1 लाख रुपयांची आहे आणि होडीची किंमत त्याच्या आसपासही नव्हती, त्यामुळे विक्रीची पावती आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालपावती) एवढ्यावर काम भागले.

निघण्याआधी कारखान्यात मी होडी टेकवण्यासाठी दोन घोड्या, म्हणजे आधाराच्या चौकटी, बनवून घेतल्या. तळाच्या आकारात कापलेले जाड प्लाय, त्यावर ट्रकच्या जुन्या ट्यूबचे रबर आणि त्यावर गालिच्याची पट्टी. कण्याखाली, म्हणजे तळाच्या मधोमध असलेल्या लांब कडेखाली, लांबीभर जाणारी एक सागाची फळी वेगळी होती. भार कण्याने घ्यायचा आणि घोड्यांनी फक्त होडीला कलंडू द्यायचे नाही, अशी ही रचना होती. घोडी नेहमी होडीच्या आतल्या आडव्या पडद्याच्या, म्हणजे कवचाला आतून आधार देणाऱ्या भिंतीच्या, बरोबर खाली यावी लागते, कारण मधले कवच पातळ असते आणि तिथे दाब पडला की ते आत दबते. पडद्यांच्या जागा मी या जातीच्या आराखड्यावरून आणि फोटोंवरून काढल्या होत्या.

रेवदंड्याला पोहोचलो तेव्हा होडी सुपारीच्या झाडांखाली, अर्धी वाळूत रुतलेली होती. शेजारचे एक म्हातारे नाखवा (होडीचे तांडेल) आणि त्यांची दोन मुले मदतीला आली. आम्ही सगळे मिळून उचलायला गेलो, तर 94 किलोची म्हणवणारी ती होडी जागची हलेना. नाखव्यांनी वाकून तिच्या बाजूवर थाप मारली आणि म्हणाले, “हिच्या पोटात पाणी हाय.” होडी उलटली तरी बुडू नये म्हणून दोन्ही बाजूंना हवाबंद कप्पे असतात, त्यांच्या झाकणांचे रबर कधीच कुजले होते आणि कित्येक पावसाळ्यांचे पाणी आत साठले होते. मागचे पितळी बूच गंजून घट्ट बसले होते. रॉकेलात भिजवलेले फडके त्यावर ठेवून वाट पाहिली, मग पाना लावला. काळसर, कुजक्या पानांच्या वासाचे पाणी बराच वेळ वाहत राहिले. तसेच पाणी घेऊन निघालो असतो तर प्रत्येक ब्रेकला ते पुढे धावले असते आणि आतून पडद्यावर आदळले असते.

होडी कशी ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. अशा लहान होड्या पुष्कळदा पालथ्या नेतात, कारण वरची कड हा त्यांचा मजबूत भाग असतो. इथे मात्र त्या कडेचे लाकूड बोटाने दाबले तरी भुसा पडत होता. नाखव्यांनी एकदाच हात फिरवून निर्णय दिला, “पोटावर बसवा, खांद्यावर नको.” पन्नास वर्षे होड्या ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या माणसाच्या या निदानावर वाद घालण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

चढवताना मागच्या उजव्या बाजूला, तळाच्या वळणावर, वीतभर लांबीची एक चीर दिसली. ती जुनीच होती, कारण आत शेवाळ होते. चिरेची दोन्ही टोके मी काळ्या मार्करने आडव्या रेघा मारून बांधून घेतली आणि शेजारी वेळ लिहिली. चीर वाढते आहे की नाही हे नुसत्या डोळ्याला आठवत नाही. रेघ असली की संशयाला जागा राहत नाही. हौदांच्या अस्तरावर आम्ही हेच करतो. होडीची पाण्यात खाली सोडायची मधली फळी आणि सुकाणू काढून गादीत गुंडाळले, डोलकाठी हौद्याच्या कडेने तीन ठिकाणी बांधली, रॅचेट पट्टे कण्याच्या फळीला आणि हौद्याच्या कड्यांना घेतले. ताडपत्री होडीवर न गुंडाळता वर बांबूंचा सांगाडा करून त्यावर ताणली, कारण वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री शेकडो किलोमीटरमध्ये पॉलिश पेपरचे काम करते आणि रंग खरवडून काढते.

अलिबागवरून वडखळपर्यंतचा रस्ता, तिथून पेण, पनवेल आणि पुढे भिवंडी, एवढा टप्पा रिकाम्या गाडीने करावा लागणार होता आणि मला काळजी त्याचीच होती. ड्रायव्हरने गाडी अतिशय सांभाळून काढली, गतिरोधकावर तर चाके एकेक करून उतरवली म्हणावे इतकी. तरीही भिवंडीच्या गोदामात ताडपत्री वर करून टॉर्च मारला, तेव्हा चिरेचे पुढचे टोक रेघ ओलांडून बोटभर पुढे गेलेले होते. कडा ताज्या, पांढऱ्या होत्या. एवढ्याशा टप्प्यात बोटभर, तर पुढच्या सातशे किलोमीटरला काय होईल याचा हिशेब करण्याची गरज नव्हती.

हमाल लाद्या आणेपर्यंत मी होडीखाली आडवा शिरलो. खिशातले दहाचे नाणे काढून तळावर बोट-बोट अंतराने ठोकत गेलो. फायबरच्या कामात नाणे हे साधे आणि विश्वासू हत्यार आहे: घट्ट थर खणखणतो, थर सुटले असले तर पोचट आवाज येतो आणि आत पडदा असला की आवाज एकदम आखूड, भरीव होतो. मागच्या घोडीच्या बरोबर वर तो भरीव आवाज यायला हवा होता. तिथे आला तो पोचट. भरीव आवाज मिळाला घोडीपासून पाऊण वीत पुढे. केव्हातरी कोणीतरी मूळ पडदा कुजल्यावर काढून नवा पडदा आपल्या सोयीने पुढे सरकवून बसवला होता आणि वरून रंग मारून टाकला होता. वाळूत रुतलेल्या तळाने आणि बंद कप्प्याने ती गोष्ट झाकून ठेवली होती. आमची घोडी आराखड्याप्रमाणे अचूक होती, होडीच आराखड्याप्रमाणे उरली नव्हती, आणि प्रत्येक धक्क्याला ती घोडी आधार नसलेल्या पातळ कवचाला आत ढकलत होती.

घोडी पुढे सरकवायची तर होडी उचलायला हवी, आणि पट्ट्यांनी उचलली तर कुजलेल्या कडा तुटणार. ड्रायव्हरने स्वतःहून गाडीचा जॅक काढला. कण्याच्या सागाच्या फळीखाली जॅक, जॅकखाली लाकडी ठोकळा असे करून आम्ही फळीसकट होडी अगदी केसभर वर घेतली. मी घोडीचे बोल्ट सैल केले, ती पाऊण वीत पुढे ओढली आणि नाण्याने पुन्हा ठोकून पडद्याची रेघ तळावर खडूने आखली. तिथे तळाचा वक्र जरा वेगळा होता, त्यामुळे एका बाजूला फट राहिली. ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या कापून एकावर एक ठेवत ती भरून काढली. शेवटची पट्टी दाबून बसवावी लागली तेव्हाच मी थांबलो. ड्रायव्हरने जॅक उतरवला आणि टॉर्च धरून चिरेकडे बघत म्हणाला, “मिटली ना भाऊ थोडी!” खरोखरच चिरेच्या कडा जवळ आल्या होत्या, दाब निघून गेला होता. नव्या टोकाला नवी रेघ मारली.

त्यानंतर लाद्या चढल्या आणि गाडी खाली बसली. पाटे दबलेले पाहून मला जे समाधान वाटले ते सांगून कळणारे नाही. भिवंडीजवळच्या आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची वळणे टळली आहेत; त्याऐवजी जवळपास 8 किलोमीटरचा सरळ बोगदा लागतो. आमच्यासारख्या मालाला ही फार मोठी सोय आहे. मालवाहू गाड्यांना तिथे ताशी 80 ची मर्यादा आहे, आम्ही 60 च्या वर गेलो नाही. वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाच्या थांब्यावर मी पट्टे तपासत होतो आणि ड्रायव्हर चाकांवर हात ठेवून उष्णता पाहत होता. पहिल्या थांब्यावर पट्टे थोडे सैल निघाले, कारण रबर दबून बसले होते. पुढे तेही थांबले. शिर्डी, जालना, मेहकर मागे पडत गेले आणि रेघ जिथे होती तिथेच राहिली. या सातशे किलोमीटरबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही, आणि तसेच व्हावे अशीच माझी इच्छा होती.

महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला उतरून हिंगण्यात शिरलो तेव्हा उजाडले होते. काका कारखान्याच्या फाटकाशी आधीच येऊन उभे होते. हौद्याचा मागचा फालका (झडप) पडल्यावर ते हौद्यात चढले आणि मी काही सांगण्याआधीच त्यांची नजर मार्करच्या रेघांवर गेली. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. मी त्यांना भिवंडीचा सगळा प्रकार सांगितला, नाणे त्यांच्या हातात दिले आणि पडदा कुठे आहे ते त्यांनाच शोधायला लावले. त्यांना तो लगेच सापडला.

उतरवल्याबरोबर होडी आमच्या काट्यावर ठेवली, तर पाणी काढून टाकल्यावरही ती 130 किलो भरली. वरचे जास्तीचे वजन म्हणजे जुन्या दुरुस्त्यांचे थर आणि लाकडात, फायबरच्या थरांत मुरलेले पाणी. ओल्या थरावर रेझिन धरत नाही, वरून चिकटल्यासारखे दिसते आणि पहिल्याच उन्हात सुटते. म्हणून तूर्त सगळी बुचे आणि झाकणे उघडून होडी पत्र्याच्या शेडखाली ठेवली आहे आणि दर आठवड्याला तिचे वजन घेतो आहे. आकडा उतरायचा थांबला की मागचा पडदा मूळ जागी बसवायचा, मग चीर आतून खरवडून काचतंतूंच्या मॅटचे थर द्यायचे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात कालवलेले रेझिन ब्रश हातात घेईपर्यंत गोठू लागते, त्यामुळे ते काम पहाटे, हार्डनर कमी ठेवून करावे लागेल. काका दर रविवारी येऊन वहीत वजन लिहून जातात. गेल्या रविवारी ते 121 होते.