मावशीची मथुरा आणि आमचं मुंबई मंडळ

आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचा मेळावा दरवर्षी होतो. दीपप्रज्वलन, अहवाल, दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार, शाल-श्रीफळ, सगळं यथासांग पार पडतं. मी वाट बघत असतो ती मृदंगावर थाप पडण्याची. एकदा नमन, म्हणजे आमचं कोकणातलं लोकनाट्य, सुरू झालं की मला कुणी चहालाही उठवू नये.

गण होतो, मग गवळण. गौळणी दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि मावशी, म्हणजे गौळणींची फटकळ म्होरकी, पदर खोचून पुढे होते. तिचं बोलणं कुठल्या वहीत नसतं. तिची मथुरा कधी दादर, कधी भायखळ्याची भाजीमंडई.

आमचे तात्या मावशी करायचे. पोटासाठी गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या मेळाव्यात कृष्णानं दाण, म्हणजे वाटेचा कर, मागितलं, तर तात्या कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दाण कसलं मागतोस मेल्या? भोंगा बंद पडलाय. वाण्याचं फेडू की तुझं?" बायका पोट धरून हसल्या आणि हसता हसताच काहींनी पदर डोळ्यांना लावला. खाणावळी चालवून तेव्हा त्याच घर ओढत होत्या. पुढे उसने मागायला कुणी आलं की चाळीत एकच उत्तर: "वाण्याचं फेडू की तुझं?" आमच्या घरात आजही चालतं.

तालमी गावकीच्या खोलीत, म्हणजे गावाच्या सामायिक खोलीत व्हायच्या. रातपाळीवाले झोपलेले असत, म्हणून टाळांना फडकी बांधायची. गौळणी पुरुषच, साड्या मात्र घराघरांतून आणलेल्या. आमच्या हिची मोरपंखी साडी काठाला रंग लागून परत आली, ते ती अजून काढते.

१९२२ पासूनचं परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. आता मिळेल तो हॉल. पण गर्दी रोडावली ती हॉलमुळे नव्हे, हे मी स्पष्ट लिहितो. मंडळाच्या क्रिकेट सामन्यांना वाडीच्या वाडी लोटते. नमनाला मात्र हळदीकुंकवाचं वाण हातात पडलं की विरारची गाडी आठवते. वरची वाडी निम्मी उठते. नावं घेत नाही, त्यांना कळेल.

जे गेले त्यांनी काय घालवलं, तेही सांगतो. मावशी आता तात्यांचा पुतण्या करतो. दिवसभर मोटरसायकलवरून घरोघरी पार्सलं पोचवतो. यंदा कृष्णानं वाट अडवली तर म्हणाला, "सोसायटीवाले लिफ्टनं चढू देत नाहीत, आता तू रस्ताही अडव! दाण नंतर बघू, आधी ओटीपी सांग." पेंद्यालाच हसू आवरेना. माझ्या शेजारचे काका मात्र हसले नाहीत. त्यांचा मुलगा तेच काम करतो. ते नुसते टाळ्या वाजवत राहिले.

आता आभार. मृदंग गावाहून मांडीवर घेऊन आलेला पोरगा. नमनातल्या संकासुराचा डगला शिवणाऱ्या वहिनी. पदरचे पैसे घालून मुकुट रंगवणारे मास्तर. माईकवाले, ज्यांचं बिल अजून द्यायचंय. दोनशे वडे तळणाऱ्या खालच्या वाडीच्या काकू आणि त्यांना बटाटे सोलून देणाऱ्या दोघी सुना. चपलांपाशी बसलेले आप्पा. पावतीपुस्तक घेऊन दिवा स्टेशनापर्यंत हिंडलेली दोन पोरं. पडदा ओढणारा राहिलाच होता. आणखी कुणी राहिलं असेल तर रुसू नका, थेट मला फोन करा. खजिनदारांना त्रास नको, ते आधीच वर्गणीच्या थकबाकीत बुडालेत.