बाईनू, तुमी आमचे काय त्येंचे?

आमची शाळा देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला. जांभ्याच्या दोन खोल्या, पुढे लांबलचक पडवी, पट २३. पहिलीत पाच, दुसरीत सहा, तिसरीत चार, चौथीत आठ. शिक्षक दोनच, मी आणि गुरुजी. (गुरुजी माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेत, पण गावात शाळेतला पुरुष म्हणजे गुरुजी आणि बाई म्हणजे बाई, त्यात वय बघत नाहीत.) आता चार वर्ग दोघांत हे काही आमच्यावरच कोसळलेलं नाही, शिक्षण हक्क कायद्यातच ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक धरलेत, आणि दोन खोल्या-दोन शिक्षक हा हिशोब तर त्याच्याही आधीचा, १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतला. त्यामुळे द्विशिक्षकी शाळेत कुठेही जा, बहुतेक वेळा पहिली-दुसरी एकाकडे नि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. आमच्याकडेही तसंच होतं, आणि चाललं होतं बरं.

गेल्या जूनमध्ये आम्ही ते मोडलं. कारण काय, तर गुरुजी गणितात एकदम हुशार, हातचा वगैरे असा शिकवतात की मलाच नव्याने कळतो, आणि मी भागाकाराच्या जवळ आले की पोरांच्या आधी मला जांभई येते. उलट गोष्ट सांगायची, वाचून घ्यायचं, लिहितं करायचं हे माझं. मग म्हटलं विषयच वाटून घेऊ ना. मराठी-इंग्रजी माझ्याकडे, गणित आणि मोठ्यांचा परिसर अभ्यास गुरुजींकडे. आणि खोल्याही विषयाच्या करू, त्यांच्या खोलीत मणी, काड्या, शतक तक्ता, माझ्या खोलीत पुस्तकपेटी आणि शब्दपट्ट्या, टोला पडला की इकडची पोरं तिकडे, तिकडची इकडे. कागदावर इतकं छान दिसत होतं की मी ते वेळापत्रक तीन रंगांत काढून पडवीत लावलं.

आणि १५ जूनला शाळा उघडली आणि चार दिवसांत पाऊस लागला.

तिसरी-चौथीची पोरं टोला पडला की दप्तर काखेत मारून धावत सुटायची, त्यांना मजाच. पण पहिलीचं पोर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं म्हणजे काय होतं हे ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. दप्तर भरायचं, त्यात पाटी उलटी जाते, परत काढायची. पाण्याची बाटली राहिली. पेन्सिल राहिली, ती आणायला गेलं ते तिथेच रमलं. एका मुलीला आजीने सांगून ठेवलेलं की ओल्या लादीवर अनवाणी पाय ठेवायचा नाही, म्हणून ती पंधरा पावलांच्या पडवीसाठी खाली बसून सँडलचे पट्टे लावायची, पलीकडे गेल्यावर सोडायची. मी घड्याळ लावून बघितलं, सात ते आठ मिनिटं. पस्तीस मिनिटांच्या तासातली. असे दिवसाला चार बदल, म्हणजे रोजचा जवळजवळ अर्धा तास नुसता दप्तराला आणि चपलांना.

त्यात तो टोला. पहिलीच्या पोराच्या डोक्यात घंटेचा अर्थ एकच, सुट्टी. दुसऱ्या आठवड्यात बारा वाजता टोला पडला आणि पहिलीतला एक जण दप्तर घेऊन सरळ घरी गेला. वाटेत व्हाळ आहे, साकव आहे, पण व्हाळाला पाणी किती होतं ते मला विचारू नका. मला वाटलं तो गुरुजींकडे आहे, गुरुजींना वाटलं तो माझ्याकडे आहे. वीसेक मिनिटांनी त्याची आई छत्री घेऊन त्याला परत घेऊन आली आणि हसत म्हणाली, "बाईनू, ह्यो घराक इलो, शाळा सुटली म्हणता." ती हसली, मला काय हसायला आलं नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. दोन शिक्षकांची पोरं म्हणजे कुठल्या तरी क्षणी कुणाचीच नाहीत, हे त्या वीस मिनिटांत कळलं.

आणि त्याच आठवड्यात सँडलवाली दारात उभी राहून मला विचारते, "बाईनू, तुमी आमचे काय त्येंचे?" म्हणजे आमच्या की तिसरीवाल्यांच्या. मी म्हटलं सगळ्यांची. तिला ते पटलं नाही, तोंडावरून दिसत होतं.

नंतर मी वाचायला लागले (रेंज आमच्याकडे मागच्या आंब्याच्या कलमाखाली उभं राहिलं की येते, त्यामुळे माझं सगळं वाचन उभ्याने). अमेरिकेत ह्युस्टनला रोलँड फ्रायर नावाच्या अर्थतज्ज्ञाने २०१३-१४ पासून दोन वर्षं हाच खेळ नीट मांडून बघितला होता, पन्नासेक सरकारी प्राथमिक शाळा घेतल्या, काहींमध्ये ज्याला जो विषय जास्त चांगला येतो त्याला तेवढेच विषय दिले, बाकीच्यांत जसं होतं तसं ठेवलं. वाटेल की मार्क वाढले असतील. वाढले नाहीतच, उलट थोडे खालीच गेले, हजेरी घटली, वागण्याच्या तक्रारी वाढल्या. कारण साधं, एका शिक्षकाकडे पोरं जास्त आली की एकेकाला ओळखणं कमी होतं. त्याहून जुनी गोष्ट अमेरिकेतल्याच गॅरी या पोलादाच्या गावातली, तिथे विल्यम वर्ट यांनी १९०७ नंतर पोरांना खोल्या, कार्यशाळा, मैदान असं फिरवत ठेवायची पद्धत काढली, म्हणजे एकही खोली रिकामी राहायला नको. ती न्यूयॉर्कने उचलली तर १९१७ ला पोरं आणि आईबाप रस्त्यावर उतरले. आमच्याकडे फक्त एक जण घरी गेला, स्वस्तात सुटलो.

तरी सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही, कारण मग दुसरीतल्या त्या पोराचं काय.

हा पोरगा माझ्याकडे पुस्तक उघडून गप्प बसायचा. बोट ओळीवर, नजर खिडकीबाहेर. मी नोंदीत 'वाचनात मागे' लिहून मोकळी झाले होते. जुलैत एकदा मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना गुरुजी म्हणाले, बाई, तो मागे नाही हो, या बघायला. गेले. गुरुजींनी त्याच्यापुढे पंचवीस चिंचोके टाकले आणि सांगितलं, सहा-सहाचे वाटे लाव. त्याने न मोजता, म्हणजे हाताने उचलतानाच सहा येत होते त्याच्या, चार वाटे लावले, एक चिंचोका उरला तो बाजूला ठेवला आणि म्हणाला, "ह्यो वर घालूक." आजी बाजारात मासळी विकायला बसते त्याची. गिऱ्हाईक कुरकुरलं की वाट्यावर एखादं वर टाकतात ना, ते. भागाकार आणि बाकी दोन्ही झालं, आणि बाकीचं काय करायचं तेही त्याला माहीत!

मी घरी जाऊन शब्दपट्ट्या केल्या. बांगडो, पेडवे, मोरी, सुंगटा. पुस्तकातला बांगडा नव्हे, बांगडो. दुसऱ्या दिवशी त्याने पहिला शब्द मोठ्याने वाचला. वाचता यायला लागलं असं नाही, अजून अडखळतो, पण तोंड उघडलं. आणि हे काही मी एकटी असते तर झालं नसतं, कारण माझ्या खोलीत तो कायम गप्पच होता.

म्हणून गणपतीच्या सुट्टीनंतर नवीन वेळापत्रक केलं, या वेळी एकाच रंगात. पहिली-दुसरी जागेवरून हलणार नाही. त्यांची मी, हजेरी माझी, नाक पुसायचं माझं, चप्पल कुठे ते मला माहीत. छोट्या सुट्टीनंतर गुरुजी मण्यांची पेटी घेऊन त्यांच्या खोलीत येतात, मी तेवढा वेळ मोठ्यांना भाषा घेते. टोला फक्त सुट्ट्यांना. मोठ्यांना काय, ते कुठेही फिरवा. नवीन शैक्षणिक धोरणातही अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे ही पोरं अजून अंगणवाडीच्या बाजूचीच, त्यांना हायस्कूलसारखे तास कशाला?

आणि शेवटचा तास पडवीत सगळी तेवीसच्या तेवीस आणि आम्ही दोघं. एकाने गोष्ट सांगायची नाहीतर खेळ घ्यायचा, दुसऱ्याने शिकवायचं नाही, फक्त एखाद्या पोराच्या शेजारी बसायचं. आजूबाजूच्या शाळांच्या केंद्रात शिक्षण परिषदेला मी हे सांगितलं तर मागून कोणीतरी म्हणालं, म्हणजे एकजण फुकट बसतो. काय बोलणार. विषय वाटून घेणं याला आपल्याकडे सरसकट टीम टीचिंग म्हणतात, पण मला विचाराल तर ते नुसतं वाटप झालं, जमिनीचं करतात तसं. एका वेळी एकाच वर्गात दोघं असणं आणि संध्याकाळी कुलूप लावताना त्याच पोराबद्दल भांडणं, याला काहीतरी वेगळा शब्द पाहिजे.

अर्थात महिन्यातले किती दिवस आम्ही दोघं शाळेत असतो हा प्रश्न आहेच. एकाचं प्रशिक्षण, एकाला मतदार यादीचं काम, आणि मोबाईलवर 'माहिती आजच भरावी'. गुरुजी गेले की मी चारही वर्ग पडवीत घेऊन बसते आणि त्या दिवशी टीम म्हणजे मी आणि चौथीतल्या दोन मुली. त्या बऱ्या शिकवतात, माझ्यापेक्षा ओरडतात जास्त.

शनिवारी सकाळी मोठ्यांना चित्रं काढायला बसवते आणि गुरुजींच्या गणिताला पहिली-दुसरीत मागे बसते, पाटी घेऊन. ही पोरांचीच मागणी, बाईंका पण गणित घाला म्हणून. सँडलवाली माझी पाटी तपासते. परवा तिने दोन चुका काढल्या, त्यातली एक खरंच चूक होती.