२९पी पेटला, आणि मी त्याला तारा समजलो

२९पी या धूमकेतूवर नजर ठेवून होतो. सलग अकरा निरभ्र रात्री वहीत तीच ओळ उतरली होती: '२९पी, शांत, प्रत १६.२ च्या आसपास.' (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितकं तेज कमी.) ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), मोनो म्हणजे कृष्णधवल कॅमेरा, एक-एक मिनिटाच्या साठ फ्रेम, धूमकेतूच्या गतीने स्टॅक (म्हणजे तो सरकेल तशा फ्रेम एकमेकींवर जुळवून), मग १० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) त्रिज्येच्या वर्तुळातला प्रकाश मोजायचा. खरं सांगायचं तर कंटाळवाणं काम.

बाराव्या रात्री पहिल्याच फ्रेममध्ये त्याच्या जागी एक टणक ठिपका दिसला. धूसरपणाचा मागमूस नाही, शेजारच्या ताऱ्यांसारखाच. 'ताऱ्यावरून जातोय, मोजमाप बाद' असं लिहून दुर्बीण दुसरीकडे वळवणारच होतो. सवयीने नकाशा पाहिला, तर तिथे एवढा ठळक ताराच नाही! तासाभराने पुन्हा फ्रेम घेतली. ठिपका सुमारे १५ विकला सरकला होता. आता प्रत १३.०. म्हणजे आदल्या रात्रीपेक्षा जवळजवळ १९ पट प्रकाश.

ही चूक पुन्हा कुणाकडूनही होईल, म्हणून सविस्तर लिहिलं. उद्रेक ताजा असताना धुळीला पसरायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे धूमकेतू चक्क ताऱ्यासारखा दिसतो. ढगाच्या शोधात असलेला माणूस नेमका तेव्हाच फसतो.

श्वासमान आणि वाखमान या खगोलशास्त्रज्ञांना हा धूमकेतू १९२७ मध्ये सापडला. गुरूच्या कक्षेच्या जरा पलीकडे, जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत तो सुमारे १५ वर्षांत एक फेरी मारतो. त्यामुळे 'सूर्याजवळ आला म्हणून उजळला' हे उत्तर इथे चालत नाही. एवढ्या थंडीत पाण्याच्या बर्फाची फारशी वाफ होत नाही. जोर असतो कार्बन मोनॉक्साइडचा. पण वर्षाला सरासरी सातेक वेळा तो असा अचानक का फुटतो, यावर अजून वाद आहे. बर्फज्वालामुखीची कल्पना (लाव्ह्याऐवजी आतून बर्फाळ पदार्थ आणि वायू उसळतात) मला आवडते, पण माझ्या आवडीला पुराव्याची किंमत नाही.

पुढची गंमत मोजपट्टीची. ठिपका दिसला ती रात्र पहिली धरली, तर चौथ्या रात्री बाहेर पसरणाऱ्या धुळीच्या कवचाची त्रिज्या १४ विकला भरली, सातव्या रात्री २७. म्हणजे दिवसाला ४.३ विकला. धूमकेतू तेव्हा पृथ्वीपासून ५.४ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) होता. तिथे एक विकला म्हणजे साधारण ३,९०० किलोमीटर. हिशेब केला तर धूळ सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने पसरत होती. तीच रेघ उलटी मागे नेली की त्रिज्या शून्य होते ती वेळ माझ्या पहिल्या फ्रेमच्या साडेपाच तास आधीची येते. फार फुशारकी नको: कवचाची कड पुसट असते, आणि मोजणीत एक विकला इकडची तिकडे झाली की उत्तर पाच-सहा तासांनी सरकतं. तरी आदल्या रात्रीची 'शांत' ही नोंद हाताशी होती, म्हणून उद्रेक त्याआधीचा नाही, एवढी खालची मर्यादा पक्की. त्या अकरा कंटाळवाण्या ओळींचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

डोळ्यांनीही पाहिला. पहिल्या रात्री नजर जरा बाजूला ठेवल्यावर बारीक टिंब टिकून दिसत होतं. सातव्या रात्री काहीच नाही. एकूण प्रकाश फारसा घटला नव्हता, तो पसरला होता. एका कलेच्या (६० विकला) आसपासच्या चकतीवर वाटला गेल्यावर पार्श्वभूमीत विरघळून गेला. छोट्या वर्तुळाचं मोजमापही याच कारणाने झपाट्याने पडतं. म्हणून आकडा लिहिताना वर्तुळ केवढं होतं ते शेजारी लिहाच, नाहीतर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

'मोजमाप बाद' ही ओळ मी खोडलेली नाही, शेजारी बाण काढून ठेवलाय. सध्या चंद्र आडवा आलाय. तो हटला की पुन्हा साठ फ्रेम.