सात नंबरची चढाई

जिल्हास्तरीय शालेय कबड्डी, सतरा वर्षांखालील मुली, अंतिम सामना. मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी मागे होतो, आणि तेही माझी सगळ्यात चपळ पोरगी संघात असताना. नाव नको, तिच्या बनियनवरचा सात नंबर पुरे. पहिल्या डावात तिची तीनदा पकड झाली. तिन्ही वेळा तीच डावी कोपरारक्षक, तीच घोट्याची पकड. शेजारच्या शाळेचे सर मला म्हणाले, "मॅडम, बसवा तिला. आज तिचा दिवस नाही."

मला तसं वाटत नव्हतं. ती दमली नव्हती, घाबरलीही नव्हती. ती कबड्डीच्या मैदानात खो-खोचं आक्रमण करत होती, एवढंच.

ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना हे लगेच कळेल. आक्रमकाने, म्हणजे शिवणाऱ्याने, एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, खांबापर्यंत त्याच दिशेने जावं लागतं. मध्यपाटी ओलांडायची नाही, खांद्याचा रोख चुकवायचा नाही. पाचवीपासून रोज संध्याकाळी हेच केलेल्या मुलीच्या पायांना 'उलटं फिर' हा हुकूमच ऐकू येत नाही. सात नंबर उजवीकडे निघाली की उजवीकडेच वाहत जायची. समोरच्या कोपऱ्यातल्या पोरीला काही करावंच लागत नव्हतं. खाली वाकून तिचा पाय जवळ येईपर्यंत थांबायचं, बस.

मला हे दिसलं कारण माझंही असंच झालं होतं. शाळेत मी खो-खोची. कॉलेजात कबड्डीच्या संघाला एक मुलगी कमी पडली म्हणून मला उभं केलं. आठशे मीटर धावायला लागले ते तर सर्वसाधारण विजेतेपदासाठी गुण हवे होते म्हणून. कुणी माझ्यात तीन खेळांची गुणवत्ता ओळखली वगैरे काही नाही. खेळाडू कमी, खेळ जास्त, आणि मी कुठल्याही मैदानावर हजर, असा तो मामला. पुढे एका सरकारी खात्याच्या महिला कबड्डी संघाच्या चाचणीला गेले, तेव्हा तिथल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "खो-खो बंद करणार असशील तर बोल." नोकरीची आशा होती. बंद केला. दोन-तीन हंगाम मानधनावर खेळवून त्यांनी महिलांचा संघच गुंडाळला. मग बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केली आणि शाळेत लागले. तेव्हा हातात धरावं असं दुसरं होतं तरी काय? महिला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली ती २०१० साली, ग्वांगझूला. खो-खोचा पहिला विश्वचषक तर २०२५च्या जानेवारीत झाला, दिल्लीत. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्राचे. ती बातमी मी मुलींना परिपाठात वाचून दाखवली होती, आवाज जरा जास्तच चढवून.

त्या दिवशी सामन्याआधी सात नंबरचे वडील मैदानावर आले होते. तिचा खो-खोचा संघही विभागीयला गेला होता, त्याचं पत्र हातात. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, प्रमाणपत्रांची पडताळणी, सगळी चौकशी करून आलेले. म्हणाले, "मॅडम, दोन दगडांवर पाय ठेवून चालतंय व्हय? एक काय ते धरा की." सामना तोंडावर होता, मी त्यांना मंडपात बसवलं.

तर मध्यंतर. पाच मिनिटं. बाकीच्या मुलींना पाणी प्यायला लावलं आणि हिला बाजूला घेतलं.

"खो-खोत तू कितव्या तुकडीत पळतेस?"

"पहिल्या."

"मग आत्ता कोण आहेस? शिवणारी का पळणारी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चढाईला जाते म्हणजे मी आक्रमण करते, असंच तिच्या डोक्यात होतं, आणि कबड्डीच्या भाषेत ते खरंही आहे. पण पायांसाठी चढाई म्हणजे पळतीच. समोरच्या सातजणी तुला शिवायला टपल्यात, असं समज म्हटलं. खो-खोत पळताना ती काय करते? आक्रमकाला जवळ येऊ देते, खांदा एका बाजूला टाकते, समोरची त्या बाजूला पूर्ण झुकली की दुसऱ्या बाजूने निसटते. हूल आधी, पळणं नंतर. आणि पळतीला दोन्ही बाजू मोकळ्या असतात. मातीत अंगठ्याने रेघ ओढून दाखवली: इथपर्यंत उजवीकडे जा, इथे थांब, त्या कोपऱ्यातलीला झेप घेऊ दे.

उत्तरार्धातली तिची पहिली चढाई मला अजून जशीच्या तशी दिसते. दम घुमवत गेली, निदान रेषा, म्हणजे चढाई करणारीला ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडली, उजवीकडे सरकली. कोपऱ्यातली वाकली. हिने उजवा खांदा टाकला, उजवा पाय पुढे रोवला, आणि कोपऱ्यातली झेपावली त्याच क्षणी त्याच पायाच्या चवड्यावर गर्रकन वळली. कोपऱ्यातलीचे दोन्ही हात मातीवर आपटले. हिने वळता वळता डाव्या पायाचा अंगठा तिच्या मनगटाला टेकवला आणि मध्यरेषा गाठली. पंचांनी एक बोट वर केलं. मंडपातून ओरडण्याचा पहिला आवाज वडिलांचा.

नंतरचं थोडक्यात सांगते. त्या कोपरारक्षकाची झेप दोन चढायांनंतर बिचकू लागली, मधल्या मुली तिला सावरायला सरकल्या, साखळी विस्कटली. आम्ही लोण चढवला, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केला, दोन जादा गुण मिळाले. शेवटच्या काही मिनिटांत बाकीच्या दमल्या होत्या, ही नाही. तिचं पहाटेचं आठशे मीटरचं पळणं तिथे कामाला आलं. दोन गुणांनी जिंकलो.

लहानपणी एकच खेळ लावून धरावा, असं सांगणारे प्रशिक्षक वाढलेत. मला ते पटत नाही. वर्षभर खांबावर एकाच बाजूने सूर मारणाऱ्या पोरींच्या नडग्या आणि गुडघे मी बघते. शिवाय खेळ एकमेकांना उसने देतात. कबड्डीमुळे सात नंबरला एकाच वेळी सातजणींचे पाय बघायची सवय लागली. आधी पळताना ती फक्त आक्रमकाकडे बघायची आणि पाटीवर बसलेलीला खो मिळाला की हमखास सापडायची. आता बसलेल्यांचे गुडघे हलले की हिला आधी कळतं.

विभागीयला कबड्डीत आम्ही पहिल्याच फेरीत गारद झालो. समोरचा संघ सरळ सरळ वरचढ होता. खो-खोत मात्र ती राज्य स्पर्धेपर्यंत पोचली, म्हणजे दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी प्रस्ताव पाठवायचं काम माझ्या टेबलावर आलं. तिचे वडील त्याच्या सह्यांसाठी आले तेव्हा पुन्हा विचारलं, "मग कोणता धरायचा मॅडम?" मी म्हटलं, आधी बोर्डाची परीक्षा धरा. ते हसले, आणि जाताना आठशेच्या स्पर्धा कधी असतात, तेही विचारून गेले.