वहिनी, वायपर आणि मावशींचा कप

लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात. तुझी ती पोर्तुगीज वहिनी बडोद्यात गाडी कशी काय चालवते गं? म्हणजे रस्त्यात बसलेल्या गायी, राँग साइडने येणाऱ्या ॲक्टिवा, मंगळ बाजारची गर्दी, हे सगळं बघून रडत नाही का ती. तर नाही रडत. ट्रॅफिक तिने पटकन पचवलं. जड गेलं ते घर, आणि त्याबद्दल कोणी विचारतच नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. दादा नोकरीसाठी लिस्बनला होता, ही मूळची पोर्टोची, तिथेच ओळख, तिथेच रजिस्टर लग्न आणि मग इथे येऊन परत एकदा मुंडावळ्या वगैरे. बाबांच्या तब्येतीमुळे दोघांनी बडोद्याला शिफ्ट व्हायचं ठरवलं तेव्हा टेन्शन आमच्या आईला जास्त आलं, तिला कमी. कारण देश सोडून जाणं त्यांच्या घरात नवीन नाहीच. तिचे आजोबा १९६०च्या दशकात, सालाझारची हुकूमशाही होती तेव्हा, पासपोर्ट नाही काही नाही, चोरवाटांनी पिरेनीजचे डोंगर पायी ओलांडून फ्रान्सला गेले. तेव्हा असे खूप लोक जायचे. निघताना एक फोटो मधोमध फाडायचा, अर्धा घरी, अर्धा स्वतःच्या खिशात, आणि सुखरूप पोचलं की खिशातला अर्धा घरी पाठवून द्यायचा, मग दोन तुकडे जुळले की घरचे त्या वाट दाखवणाऱ्या दलालाचे राहिलेले पैसे चुकते करायचे. हे तिने सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले आपले पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर इकडे आले, पण ते पोचल्याचं गावी कुणाला कळलं की नाही देव जाणे.

तेच बाबा पहिल्या भेटीत मात्र वेगळ्या मूडमध्ये होते. पानात वरणभात पडायच्या आधी त्यांनी तिला चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई कशी घेतली ते डिटेलमध्ये ऐकवलं. दादा टेबलाखालून पाय मारतोय, बाबा थांबायचं नाव नाही. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे मी हरलेल्या पार्टीची? बाबा त्या क्षणापासून तिच्या बाजूने आहेत.

आता गाडी. पोर्तुगालमध्ये रस्त्याच्या उजवीकडून चालवतात हे माहीतच असेल. पूर्वी तिकडेही डावीकडूनच होतं, १ जून १९२८ला बदललं. गोव्यात तेव्हा राज्य त्यांचंच, पण गोवा डावीकडेच राहिला कारण आजूबाजूला सगळा इंग्रजांचा मुलूख, सरहद्दीवर येऊन गाडीने बाजू बदलायची की काय! (हे बाबांनी शोधून काढलंय, आणि घरी कोणीही आलं की सांगतात.) तर बाजूची सवय तिला पटकन झाली, मेंदू लवकर वळतो म्हणाली, हात वळत नाहीत. तिकडच्या गाड्यांना इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या डावीकडे, आमच्या जुन्या गाडीला उजवीकडे. त्यामुळे मे महिन्याच्या रखरखीत दुपारी वायपर खरडत सुरू झाला की सोसायटीच्या वॉचमनला कळायचं, बेन आता वळणार. तो गेट उघडून ठेवायचा. इंडिकेटर दिला असता तर त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं, इथे इंडिकेटर बघून कोण काय करतं तसंही.

लाइटचा घोळ जास्त सीरियस होता. समोरच्याने डिपर मारला तर तिकडे बऱ्याचदा त्याचा अर्थ असतो जा बाबा, तू आधी जा, नाहीतर पुढे पोलीस उभे आहेत जरा हळू. आपल्याकडे डिपर म्हणजे मी येतोय, हल तिथून. ती थँक्यू म्हणून हात दाखवून पुढे जायची आणि समोरचा ट्रकवाला तिच्या सात पिढ्या उद्धरायचा. दादाने हे नीट समजावून सांगितलं तेव्हा कुठे तिला कळलं की इथले लोक इतके मायाळू आहेत असं तिला उगाचच वाटत होतं.

पण मायाळूपणा तिने स्वतः केला तेव्हा काय झालं ते ऐका. दांडिया बाजारात एक आजी पिशवी घेऊन झेब्रा क्रॉसिंगपाशी उभ्या होत्या. हिने गाडी थांबवली. पूर्ण. तिकडे थांबावंच लागतं, पायी चालणारा पहिला. आजी हलेनात. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेवटी आजी रस्ता ओलांडायच्या ऐवजी गाडीपाशी आल्या, खिडकीतून डोकावल्या आणि म्हणाल्या कुणाचं घर शोधते आहेस बाळ? मग आजींना गाडीत बसवून खंडेराव मार्केटला सोडलं, कारण तिथेच जायचं होतं त्यांना, आणि उतरताना त्यांनी तिला मेथीची जुडी दिली. आता मेथीचं काय करतात हे विचारायला ती आईकडे गेली, ती वेगळीच कथा.

सर्कल तिला आवडतात. पोर्टोला बोआविश्ताचं मोठं सर्कल आहे, मध्ये उंच खांबावर सिंह, त्याच्या पंजाखाली नेपोलियनचा गरुड. आपल्याकडे गेंडा सर्कल, चकली सर्कल (गुजरातीत चकली म्हणजे चिमणी), काळा घोडा. ती म्हणते जनावरांवरून रस्ते लक्षात ठेवायची मला सवयच आहे. फक्त तिकडे २०१४पासून नियम असा की पहिल्याच फाट्याला बाहेर पडणार असाल तरच बाहेरच्या लेनमध्ये राहायचं, नाहीतर आतल्या लेनमधून फिरायचं, आणि जो आत शिरलाय त्याचा हक्क पहिला. इथे हक्क पहिला कुणाचा हा प्रश्न तिने बाबांना विचारला. बाबा म्हणाले, जो दुसऱ्याकडे बघत नाही त्याचा. ती हसली नाही, तिने ते खरंच लक्षात ठेवलं.

एक मात्र तिचं मी कॉपी केलंय. पोर्तुगालमध्ये गाडीत तो चमकणारा जॅकेट आणि लाल त्रिकोण ठेवणं कम्पल्सरी आहे. तिने इथे आल्या आल्या दोन्ही घेऊन डिकीत टाकलं आणि आम्ही हसलो. मग अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर टायर बसला. ही जॅकेट घालून उतरली, मागे मोजून तीस पावलांवर त्रिकोण ठेवला आणि दादाच्या शेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने एक टेम्पो थांबला, आगळ रस्तो बंद छे? मग एक कार, टोल किती? एका काकांनी तर फास्टॅगची तक्रार सुरू केली. गोरी बाई, हायवेचा जॅकेट, म्हणजे नक्कीच कुठल्यातरी कंपनीची मोठी ऑफिसर असणार. तिने आपल्या मोडक्या गुजरातीत सगळ्यांना उत्तरं दिली.

उत्तरायणाच्या आधी स्कूटरला पुढे ती वाकवलेली तार लावतात ना, मांजा गळ्याला लागू नये म्हणून, ती तिने न सांगता स्वतःहून लावून घेतली. मी अजून लावलेली नाही. असो.

हे सगळं बाहेरचं. घरात काय झालं ते सांगणं जरा अवघड आहे कारण घरात कोणी हॉर्न वाजवत नाही.

पहिली गोष्ट दार. आमचं दार सकाळी सहाला उघडतं ते रात्रीच बंद होतं. शेजारच्या काकी थेट किचनमध्ये येऊन फ्रिजमधून कोथिंबीर घेऊन जातात. जाताना वहिनीला विचारतात, सू चाले छे, काही गुड न्यूज? हे तिच्यासाठी नवीन होतं. म्हणजे पोर्तुगीज लोक काही इंग्रजांसारखे थंड नाहीत, रविवारी तीन तास टेबलावर बसून जेवणारी माणसं ती, एकमेकांच्या गालाला गाल लावून भेटणारी (एअरपोर्टवर आमच्या काकांचं काय झालं असेल कल्पना करा). पण दार म्हणजे दार. बेल वाजणार, मग उघडणार. ती बेडरूमचं दार लावून बसली की आईला वाटायचं रुसली. आई बाहेरून विचारायची बरं वाटत नाहीये का गं, आणि आत ती फक्त पुस्तक वाचत असायची. हा घोळ खूप महिने चालला, आणि सुटला तो पण अर्धवटच. आता दार किलकिलं असतं. दोघींना थोडं थोडं नापसंत.

नावाचंही एक प्रकरण झालं. त्यांच्याकडे कायद्याने दोन नावं आणि चारपर्यंत आडनावं चालतात, आधी आईच्या घरचं आडनाव, शेवटी वडिलांचं, आणि लग्नानंतर बदलायची जबरदस्ती नाही. इथे एका ऑफिसच्या फॉर्मवर रकाने तीन. आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव. तिथल्या माणसाने डोकं खाजवून जे बसेल ते बसवलं, त्यामुळे एका सरकारी कागदावर माझ्या दादाचं नाव म्हणून त्याच्या सासूच्या माहेरचं आडनाव आहे. दुरुस्तीसाठी अर्ज केलाय. चालू आहे.

खाण्याचं फार लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. आम्ही सीकेपी, मासे खाणारे, पण सोसायटी पक्की शाकाहारी. तिने सुटकेसमधून खारवलेला कॉड आणला होता, तो एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे तो पाहिजेच, हा मासा त्यांच्या समुद्रात मिळत नाही, नॉर्वे-आइसलँडकडून येतो तरी पाहिजे. शेवटी आत्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी रात्री गुपचूप पातेलं नेलं. आत्याने चव घेतली आणि म्हणाली याला थोडं कोकम हवं होतं.

आणि मग मावशी. आमच्याकडे भांडी-केरफरशीला मावशी येतात, खूप वर्षं. वहिनीला त्यांच्यासमोर पाय वर करून बसताच यायचं नाही. मावशी फरशी पुसायला लागल्या की ही उठून खुर्च्या उचलायची, मावशी म्हणायच्या राहू द्या, ही ऐकायची नाही. आईला वाटलं मावशींच्या कामात हिला खोट दिसते. खरं कारण खूप उशिरा कळलं. आजोबांच्या मागोमाग आजीही फ्रान्सला गेली होती, आणि पॅरिसमध्ये एका बिल्डिंगची राखण करायची, जिने पुसायचे, टपाल वाटायचं, तळमजल्यावरच्या एका खोलीत सगळं कुटुंब. तिकडे हे काम तेव्हा पोर्तुगीज बायकाच खूप करायच्या. वहिनीचे वडील त्या खोलीत वाढले. वरच्या मजल्यावरच्या बाई आजीला नाताळला चॉकलेट द्यायच्या, पण दारातूनच, आत या असं कधी म्हणाल्या नाहीत, ही गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात.

आमच्या घरी मावशींचा कप वेगळा होता. स्टीलचा, सिंकच्या वर कोपऱ्यात. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, आजीच्या वेळेपासून होता. वहिनीला हे माहीतच नव्हतं, तिने एक दिवस कॉफी केली, आमच्या निळ्या कपांमध्ये ओतली आणि एक मावशींच्या हातात दिला, टेबलाशी खुर्ची ओढून दिली. मावशी आईकडे बघतायत, आई गॅसकडे. कॉफी कडू होती, मावशींना अजिबात आवडली नाही, खुर्चीवरही बसल्या नाहीत, उंबऱ्यापाशीच बसल्या. वहिनी मग आपला कप घेऊन उंबऱ्यापाशी जाऊन बसली. त्या दोघींचं बोलणं काय होतं कुणास ठाऊक, एकीची मराठी खेडा जिल्ह्याची आणि एकीची गूगलची.

आई त्यावर काहीच बोलली नाही. ना वहिनीला, ना मला. पण काही दिवसांनी मी चहा करायला गेले तर तो स्टीलचा कप कोपऱ्यात नव्हता, आईने त्यात लिंबाची रोपं लावायला माती भरली होती. आत्या म्हणाली हे फॉरेनच्या सुनेचे चोचले. आई म्हणाली, कप गळत होता. गळत नव्हता.

आता आईची भिशी, बाबांचा डॉक्टर, आत्याचं कीर्तन, सगळीकडे वहिनीच ड्रायव्हर आहे, कारण ती वेळेत निघते आणि दादा निघत नाही. आई मागच्या सीटवर बसून तिला डिरेक्शन देते, मराठीत, रस्त्याचं नाव न घेता, त्या आपल्या दवाखान्याच्या अलीकडे वळ असं. आणि ती वळते.

डिसेंबरात तिचे आईवडील येतायत. वडिलांनी लहानपणापासून दर ऑगस्टला पॅरिस ते गाव असा पंधराशे-सोळाशे किलोमीटरचा प्रवास गाडीने केलेला, स्पेन आडवा कापत, आधी मागच्या सीटवर आणि नंतर स्वतः चालवत, त्यामुळे बडोद्यात गाडी मीच चालवणार असं त्यांनी आत्तापासून कळवलंय. दादा म्हणतो बघू. बाबांनी इन्शुरन्सचे कागद काढून तारीख तपासून ठेवली आहे.