दोन थाऊ

शेजारच्या आजोबांनी परवा माझ्यासमोर काडतुसाची एक पितळी पुंगळी भंगाराच्या डब्यात टाकली. चीर नाही, पोचा नाही. "गोळी बसवताना हाताला हलकी लागली," एवढंच म्हणाले.

इथे अमेरिकेत बरेच नेमबाज रायफलच्या झाडलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. स्वतःपुरतं करायचं असेल तर केंद्रीय कायदा त्यासाठी परवाना मागत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना हवाच, आणि मला ते योग्यच वाटतं. घरून फोनवर काळजीने विचारणा झाली म्हणून सांगतो, मी अजून बंदुकीला हात लावलेला नाही. मी त्यांच्या गॅरेजमध्ये जातो तो मोजमाप बघायला. वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेल्या माणसाचा पाय तिथून निघत नाही.

बार उडाला की पुंगळीचा गळा फुगतो. त्यांच्या ३०८ विंचेस्टर जातीच्या काडतुसांत तो बाहेरून सुमारे ०.३४३ इंच होतो. गोळी ०.३०८ ची, म्हणजे गळ्याने तिला घट्ट धरायचं तर तो पुन्हा आवळायला हवा. साधी डाय, म्हणजे पुंगळी आवळायचा साचा, त्याला गरजेपेक्षा जास्त आवळते आणि बाहेर काढताना आतल्या गुंडीने पुन्हा फुगवते. पितळाला दोनदा मार बसतो, शिवाय त्या ओढीत गळा तिरका होऊ शकतो. आजोबा गुंडी काढून बुशिंगची, म्हणजे हव्या त्या मापाची कडी बसवता येणारी, डाय लावतात. गोळी बसवलेल्या काडतुसाचा गळा मोजला तर ०.३३६, म्हणून बुशिंग ०.३३४ चं. फरक दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, ०.०५ मिलिमीटर! एका पुंगळीची पकड सैल आणि दुसरीची घट्ट असली, तर गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या टार्गेटवर छिद्रं वर-खाली पडतात. एकाच बुशिंगमधून काढूनही पकड सारखी राहत नाही, कारण दर वेळी आवळून-फुगून पितळ कडक होतं, आणि कडक पितळ डायमधून सुटलं की जास्त उसळतं. हे सगळं त्यांना गोळी बसवताना प्रेसच्या लिव्हरला लागणाऱ्या दाबावरून कळतं. इतक्या मन लावून काम करणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला.

उपाय म्हणजे गळा आणि त्याच्या खालचा उतरता खांदा तापवून मऊ करायचा. बूड मात्र तापू द्यायचं नाही, ते कडकच राहायला हवं. हे ऐकून मला राहवलं नाही. भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालायचं, हे आपल्या तांबटाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, असं मी जरा जोरातच सांगितलं.

त्यावर त्यांनी सांगितलेली गोष्ट मला माहीत नव्हती. इंग्रजांच्या फौजेने हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली, आणि गळा गोळीवर आवळलेला असतो नेमक्या तिथे ती तडकली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात उरलेला ताण मिळून हे होतं, असा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. तापवून ताण काढला की तडा टळतो. धातुशास्त्राच्या पुस्तकातला हा धडा आपल्या पावसाने घालून दिला, याचा मला खरंच अभिमान वाटला.

शनिवारी त्यांनी मला गॅरेजचा दिवा बंद करायला सांगितला. उजेडात पितळाचा रंग कळत नाही. ज्योतीत पुंगळी फिरत होती, आणि गळ्याच्या कडेला अगदी पुसट लाली दिसली न दिसली तोच त्यांनी ती बाजूला घेतली.